रायझन ३६०० वाला पीसी अपग्रेड करू की सगळाच नवीन बांधू? व्हिडिओ एडिटिंगसाठी, बजेट ९० हजार

गिरगाव_एडिट

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा. मी लग्नाचे आणि गणपती मंडळांचे व्हिडिओ एडिट करतो, गिरगावात चाळीतल्या खोलीतच सेटअप आहे. पीसी २०२० च्या दिवाळीत असेंबल केलेला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा छोटा मदरबोर्ड, ८-८ च्या दोन मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) त्यावर विंडोज, आणि २ टीबीची हार्ड डिस्क जिच्यावर सगळं फुटेज असतं. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, ४५० वॉटचा. सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह, स्टुडिओवालं विकत घेतलेलं.

आत्तापर्यंत सगळं मस्त चाललं होतं पण यंदा ज्यांच्यासोबत काम करतो त्या कॅमेरामनने नवीन कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून माझे हाल चालू आहेत. क्लिप टाइमलाइनवर टाकली की प्लेबॅक सेकंदाला चार-पाच फ्रेम, पॉज केलं की दोन सेकंदांनी थांबतो, आणि तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं तर विचारूच नका. ढोलताशाच्या शॉटवर तालावर कट मारायचा असतो, आवाज पुढे आणि चित्र मागे, कसा मारणार कट? जुन्या कॅमेऱ्याचं ४के याच मशीनवर आरामात चालायचं.

आगमनाची कामं सुरू व्हायला फार वेळ नाहीये. बजेट कसंबसं ९० हजार जमवलंय. एक दुकानदार म्हणाला हे सगळं भंगारात काढ, नवीन एएम५ (एएमडीचं नवं प्रोसेसर सॉकेट) बांध. मित्र म्हणतो फक्त प्रोसेसर बदल, ५७००एक्स३डी टाक. कोणाचं ऐकू?

अजून एक, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की हलक्या झिणझिण्या येतात. पहिल्यापासून येतात.

मुलुंडकर_रिग

भावा सहा वर्षांचा प्रोसेसर आहे तो, त्याच्यात जीव ओतून काय उपयोग. माझं मत सरळ आहे, प्लॅटफॉर्मच बदल. एएम४ चा, म्हणजे तुझ्या बोर्डावरच्या सॉकेटचा, रस्ता संपलाय, एएम५ सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि कंपनीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देणार असं सांगितलंय, म्हणजे आज साधा ८ कोरचा घेतलास तरी पुढे त्याच बोर्डावर नवा बसेल. मी स्वतः ९७००एक्स वर आलोय, फरक जमीन-अस्मानाचा आहे.

फक्त एक गोष्ट खरी की एएम५ ला डीडीआर५ च लागते, तुझी जुनी रॅम चालणार नाही, आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून जे चढलेत ते बघून पोटात गोळा येतो. चिप बनवणारे सगळे एआयच्या सर्व्हरमागे लागलेत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तरी पण एकदाच काय ते कर असं मला वाटतं.

चिंचपोकळी_कलर

थांब जरा गिरगाव, खिशात हात घालू नकोस अजून. मी कलरिंगचं काम करते आणि अगदी हाच प्रकार माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी झाला होता, प्रोसेसर बदलला, पैसे गेले, आणि प्लेबॅक थोडासाच सुधारला. कारण दुखणं वेगळ्या जागी होतं.

तुझ्या पोस्टमधली महत्त्वाची ओळ ही आहे, की जुन्या कॅमेऱ्याचं ४के चालायचं आणि नव्याचं चालत नाही. दोन्ही ४केच. मग बदललं काय? मला जवळजवळ खात्री आहे की नवीन कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) १० बिट ४:२:२ रेकॉर्ड करतोय. जुना ८ बिट ४:२:० करत असणार. ४:२:० मध्ये चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाची माहिती एकदाच साठवतात, ४:२:२ मध्ये त्याच्या दुप्पट. कलरिंगला हे सोन्यासारखं आहे, हळदीच्या शॉटमध्ये पिवळ्याचे जे थर मिळतात ते ८ बिटमध्ये नाहीच मिळत, म्हणून कॅमेरामनला दोष देऊ नकोस. पण ग्राफिक कार्डाच्या आत व्हिडिओ उलगडण्यासाठी जो वेगळा भाग असतो ना, डीकोडर, तुझ्या १६६० सुपरच्या डीकोडरला ४:२:२ वाचताच येत नाही. आणि फक्त तुझ्याच नाही, एनव्हिडियाच्या ३० सिरीजला नाही येत, ४० सिरीजलाही नाही. ५० सिरीजपासून यायला लागलं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एच.२६५ चं ४:२:२ अकराव्या पिढीपासूनच येतं, तुझ्या ३६०० मध्ये तर ग्राफिक्सच नाहीये. मग सगळं ओझं येतं प्रोसेसरच्या कोअर्सवर, आणि ते बिचारे धापा टाकतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जा, जीपीयूवर क्लिक कर, तिथे चार छोटे आलेख दिसतील, त्यातल्या एकावर व्हिडिओ डीकोड निवड. आता रिझॉल्व्हमध्ये आधी जुन्या कॅमेऱ्याची क्लिप प्ले कर आणि तो आलेख बघ. मग नव्याची प्ले कर. नव्याला आलेख जमिनीला चिकटून राहिला आणि सीपीयू नव्वदच्या वर गेला तर रोग सापडला.

मुलुंडकर दादांचा सल्ला चुकीचा नाही पण या कामाला लागू पडत नाही. एएम५ च्या रायझनमध्ये जे छोटं ग्राफिक्स येतं त्यालाही ४:२:२ वाचता येत नाही. म्हणजे ९० हजार घालून नवीन बोर्ड, नवीन रॅम, नवीन प्रोसेसर, आणि कार्ड तेच जुनं, तर डीकोड परत कोअर्सच्याच डोक्यावर.

गिरगाव_एडिट

ताई, पाया पडतो. आत्ताच करून बघितलं.

जुनी क्लिप लावली, व्हिडिओ डीकोडचा आलेख २५-३० टक्क्यांवर, सीपीयू निवांत. नवीन लावली आणि आलेख एकदम शून्य, सरळ रेष, आणि सीपीयू ९७-९८. दोनदा-तीनदा करून बघितलं, प्रत्येक वेळी तेच. फाइलची माहिती काढली तर १० बिट ४:२:२ च निघालं, २०० एमबीपीएस.

म्हणजे मी आठ महिने उगाच प्रोसेसरला शिव्या घालतोय. आता मग ५० सिरीजचं कुठलं कार्ड, आणि या बी४५० बोर्डावर चालेल ना ते?

चिंचपोकळी_कलर

चालेल. तुझ्या बजेटमध्ये आरटीएक्स ५०६० टीआय, आणि १६ जीबीवालंच घे. नाव सेम असून ८ जीबीचंही येतं, बॉक्सवर नीट वाच, काउंटरवर घाईत भलतंच हातात येतं. १६ का सांगते तर ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं, दोन-तीन नोड (कलरच्या पायऱ्या) चढवले की कार्डची मेमरी भराभर भरते, आणि भरली की रिझॉल्व्ह जीपीयू मेमरी फुल म्हणून अडून बसतं.

दुसरं कारण तुझ्या बोर्डाचं आहे. हे कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन वापरतं आणि बी४५० वरची ही जोडणी आहे जुनी पीसीआयई ३.०, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी एवढाच रस्ता. कार्डची स्वतःची मेमरी पुरेशी असली तर हा अरुंद रस्ता फारसा जाणवत नाही. ८ जीबीवाल्यात मेमरी संपली की कार्ड सिस्टिमच्या रॅमकडे धावतं आणि मग याच रस्त्यावर गर्दी होते. रिझॉल्व्ह पण २० किंवा त्याच्या पुढच्या व्हर्जनला ने, ड्रायव्हर नवीन टाक.

आणि कार्ड हातात येईपर्यंत काम थांबवू नकोस. क्लिप सिलेक्ट करून प्रॉक्सी (हलक्या, छोट्या कॉपी) बनव, रात्री लावून झोप, सकाळी त्याच्यावर कट मार. फायनल रेंडर ओरिजिनलवरूनच होतो.

दादर_वायरमन

मी कॉम्प्युटरवाला नाही, वायरिंगचं काम करतो, मुलगा इथे वाचत बसतो त्याने मला ही पोस्ट दाखवली. बाकी कार्डबिर्ड तुम्ही लोक बघा, पण त्या झिणझिण्या आहेत ना, ती पहिली गोष्ट आहे करायची. नवीन कार्ड त्याच्यानंतर.

तुमच्या सॉकेटला तीन भोकं आहेत पण तिसऱ्याला मागे बहुतेक काहीच जोडलेलं नाही, किंवा जोडलेलं आहे आणि खाली मीटरपाशी तुटलंय. जुन्या चाळींत मी हे रोज बघतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये फिल्टर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि तो अर्थिंगमधून निघून जायला पाहिजे. अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्यामध्ये लटकत राहते, २३० च्या निम्म्यावर, ११० ते ११५ च्या आसपास. करंट कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आतमध्ये खरोखर फेज बॉडीला लागला तर फ्यूज उडायला वाटच नाही, आणि चाळीत पावसाळ्यात लादी ओली असते.

मल्टिमीटर आणा आणि सॉकेटमध्येच मोजा, कॉम्प्युटर काढून. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला पाहिजे. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. फेज-अर्थला काहीतरी मधलंच दाखवलं किंवा आकडा नाचत राहिला तर अर्थिंग नाही असं समजा. मीटर वापरायची सवय नसेल तर हात घालू नका, वायरमनला बोलवा.

आणि कोणीतरी सांगेल की सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून वायर काढून अर्थच्या पिनला मार, झिणझिण्या बंद होतील. बंद होतील खऱ्या. पण न्यूट्रल कुठे तुटला की पूर्ण २३० कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात. हे करू नका, करणाऱ्याला घरात घेऊ नका. लायसन्सवाल्याकडून मीटरपासून वेगळी अर्थची वायर ओढून घ्या आणि जमलं तर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवा.

गिरगाव_एडिट

काका धन्यवाद, हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं. समोरच्या खोलीतल्या दादांकडे मीटर होता, तेच इलेक्ट्रिकचं काम करतात, त्यांनी लावून बघितलं. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ १०८ वरून ७० वर मग परत ९०. म्हणजे नाहीच आहे अर्थिंग. चाळ कमिटीला आज सांगितलंय, बाकीच्या बिऱ्हाडांतही हेच असणार, आमच्या मजल्यावर तर सगळ्यांचे फ्रिज-वॉशिंग मशीन आहेत.

एसएमपीएसचं काय करू, ४५० पुरेल का? आणि प्रोसेसर बदलायचा विचार पूर्णच सोडू का?

मुलुंडकर_रिग

ताईंनी पॉइंट बरोबर पकडला, मी माझं मत मागे घेतो, मी गेमिंगच्या नजरेने बघत होतो.

एसएमपीएस बदलच. ५०६० टीआय एकटं १८० वॉटपर्यंत खातं, एनव्हिडिया त्याला ६०० वॉटचा एसएमपीएस सांगते. तुझा ४५० चा आहे आणि पाच-सहा उन्हाळे मुंबईत काढलेत त्याने, आतले कपॅसिटर गरमीत म्हातारे होतात. चांगल्या कंपनीचा ६५० घे. नुसता ८० प्लसचा स्टिकर बघून घेऊ नकोस, तो स्टिकर फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाल्यावर मशीन वाचवेल की नाही ते सांगत नाही. आणि नवीन मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) घेतलास तर जुन्याच्या केबल त्याला लावू नकोस, टोकं सारखी दिसतात पण पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा, एका मित्राची हार्ड डिस्क लावल्या लावल्या गेली.

यूपीएसवर व्हीए नाही वॉट बघ. साधारण ६०० व्हीएचा ३६० वॉटच देतो. तुझं नवीन मशीन रेंडरला तीनशे-साडेतीनशे खाईल, वर मॉनिटर, म्हणजे लाइट गेली की यूपीएस टूं करून तोही जाईल.

प्रोसेसर आत्ता राहू दे. मित्राने ५७००एक्स३डी सांगितला त्याची जादा कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी) गेमला कामाची, एडिटिंगला तिचा विशेष फायदा नाही. पुढे घ्यावासा वाटलाच तर साधा ५७००एक्स, ८ कोर आणि ६५ वॉटचा. ५९००एक्सच्या नादी लागू नकोस, १२ कोर दिसायला छान आहेत पण छोट्या बी४५० बोर्डाचा पॉवरचा भाग मे महिन्यात त्याच्याखाली भाजून निघेल.

माहीम_पिना

प्रोसेसरचा विषय निघालाच आहे तर माझी गोष्ट सांगते, पुढे-मागे उपयोगी पडेल. मी मागच्या वर्षी ३६०० काढून ५७००एक्स बसवला, घरीच. कूलरचे चार स्क्रू काढले आणि सरळ वर उचलला. कूलरसोबत प्रोसेसरही वर आला, सॉकेटची खिट्टी बंद असताना. पाच वर्षांत पेस्ट सुकून दगड झाली होती आणि एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, १३३१. खालून बघितलं तर एका कोपऱ्यातल्या सहा पिना झोपलेल्या. हातपाय गार पडले माझे.

पेन्सिलचं ते ०.५ चं टोक असतं ना, शिसं काढून टाकलं आणि ती पोकळ नळी एकेका पिनेवर घालून केसाएवढं केसाएवढं सरळ करत गेले, खिडकीत उजेडाला धरून, दीड तास. एकदा वाकलेली पिन परत-परत हलवली की तुटते. माझ्या वाचल्या, तो ३६०० आजही आईच्या पीसीत चालतोय.

हे टाळायचं असेल तर मशीन आधी पंधरा-वीस मिनिटं काहीतरी रेंडर करून चांगलं गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, आणि कूलर उचलायच्या आधी डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा. पेस्ट सुटलेली हाताला कळते. ३६०० सोबतच्या कूलरचे स्क्रू बोर्डामागच्या पट्टीत जातात, स्क्रू निघाले की पट्टी मागे गळून पडते, म्हणून मागून एक हात ठेवायचा.

आणि त्याच्याही आधी दोन गोष्टी. बायोस (बोर्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) जुन्या प्रोसेसरवर असतानाच अपडेट कर, यूपीएसवर, मध्येच लाइट गेली तर बोर्ड मेला. आणि विंडोज ११ असेल तर ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) लागलंय का बघ आणि रिकव्हरी की वहीत लिहून ठेव, कारण नवीन प्रोसेसर बसवला की टीपीएम (त्या कुलुपाची की सांभाळणारा भाग) रिसेट होतं आणि स्क्रीनवर ४८ आकडी की मागतं. माझ्याकडे की नव्हती. नशिबाने मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सेव्ह झालेली सापडली, नाहीतर त्या ड्राइव्हवरचं सगळं गेलंच होतं.

ग्रँट_रोड_पूर्व

खरेदीचं सांगतो, लॅमिंग्टन रोडला माझं जाणं दर आठवड्याला असतं. रविवारी येऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद. सकाळी अकरा-साडेअकराला ये, गर्दी कमी असते आणि दुकानदार बोलायच्या मूडमध्ये असतो. तुला तर गिरगावातून चालत पंधरा-वीस मिनिटं. किमान तीन दुकानांत लेखी भाव घे, कागदावर, मॉडेल नंबरसकट. नुसतं ५०६० टीआय लिहून देतात आणि मग भलत्याच कंपनीचं एका पंख्याचं टेकवतात.

बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त पडेल असं कोणी ना कोणी म्हणणारच. या सामानावर १८ टक्के जीएसटी आहे त्यामुळे मोह होतो, पण कार्डला काही झालं तर बिलाशिवाय दारात उभं करणार नाहीत. बिलावर कार्डचा सिरियल नंबर लिहून घे आणि बॉक्सवरच्याशी तिथेच जुळवून बघ. सील तिथेच, काउंटरवर, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून फोड. प्रोसेसर कधी घेतलास तर बॉक्समधलाच घे, त्याला ३ वर्षं वॉरंटी असते, ट्रेमधला सुटा स्वस्त पडतो पण त्याच्यामागे कंपनी उभी राहत नाही.

फुटेजसाठी हार्ड डिस्क सोडून दे आता. तुझी फाइल २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी, तीन कॅमेरे धरले तर ७५. आकडा मोठा नाही पण हार्ड डिस्कची सुई तीन ठिकाणी पळत राहते, तिथे अडकतं. महागडी एनव्हीएमई नको, साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० च्या वर देते, तुला रग्गड झाली. झालेली कामं हार्ड डिस्कवर ढकलत जा.

गिरगाव_एडिट

अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

५०६० टीआय १६ जीबी, ६५० चा एसएमपीएस, १ टीबीची साटा एसएसडी आणि ६६० वॉटचा यूपीएस, एवढंच घेतलं. बजेटमध्ये बसलं आणि थोडे उरलेही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळं जुनंच. जुना कूलर काढला नाही, नुसता पंखा धरून ब्लोअरने साफ केला, आतल्या पट्ट्यांवर धूळ आणि दमट हवा मिळून अक्षरशः कापडासारखा थर बसला होता, चौपाटी जवळ आहे ना. बोटाने उचलला तर अख्खा तुकडा निघाला.

कार्ड लावलं, ड्रायव्हर टाकला, रिझॉल्व्ह अपडेट केलं आणि नव्या कॅमेऱ्याचं ढोलताशाचं फुटेज होतं तेच लावलं, तीन कॅमेरे एकत्र. प्रॉक्सी नाही, काही नाही. प्ले दाबलं आणि टिपरी ताशावर पडली तिथेच चित्रात पडली. व्हिडिओ डीकोड ५० च्या आसपास, सीपीयू ३०. मी ते चार-पाच वेळा मागे नेऊन बघितलं, आईला पण बोलावून दाखवलं.

रेंडरला अजून प्रोसेसर थोडा कमी पडतो आणि १६ जीबी रॅम रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये (इफेक्ट्सचा भाग) गेलं की भरते, ते दिवाळीनंतर बघेन. १६६० सुपर चुलतभावाला दिलं, तो कॉलेजला आहे, त्याच्याकडे कार्डच नव्हतं.

अर्थिंगचं काम शनिवारी सुरू होतंय, कमिटीने पूर्ण मजल्याचं एकदम करायचं ठरवलं. तोपर्यंत रबरी चप्पल घालूनच बसतोय. वायरमन काका, मीटरपासून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत वायर किती जाडीची सांगू त्यांना?

दादर_वायरमन

किती बिऱ्हाडं आणि मीटरपासून येणारी मेन केबल किती स्क्वेअर एमएमची ते आधी सांगा, अर्थची जाडी त्याच्यावरून ठरते. मेनच्या केबलवर आकडा छापलेला असतो, त्याचा फोटो काढून इथे टाका. आणि खाली अर्थिंगचा खड्डा नवीन घेताहेत की जुनाच, तेही विचारा.